विंग चुनचे तीन फॉर्म मराठीत उतरवताना: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४

सकाळच्या वर्गानंतर सिफूंना, म्हणजे विंग चुन ह्या चिनी युद्धकलेच्या माझ्या गुरूंना, विचारलं, की फॉर्म (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) मराठीत लिहू का. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिही. पण पहिला फॉर्म पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याचं पान उघडू नकोस. तिसऱ्याचं मग बघू."

कामाचा आवाका एवढाच: विंग चुनचे रिकाम्या हाताचे तीन फॉर्म मराठीत लिहून काढायचे. सिउ निम थाउ, छम खिउ आणि पिउ ची. लाकडी पुतळा, लांब काठी आणि सुऱ्यांची जोडी ह्या वहीत येणार नाहीत.

जानेवारीपासून आमच्या वर्गात ठाण्याचं एक जोडपं येतं. दोघांना हाँगकाँगची कँटोनीज भाषा येत नाही, सिफूंचं इंग्रजी आकड्यांपलीकडे जात नाही, मधे मी. सात वर्षं शिकते आहे, करून दाखवता येतं. सांगता येत नाही हे ह्या दोघांमुळे कळलं. एकाच हालचालीला मी एका रविवारी "मनगट फिरव" म्हणते, पुढच्या रविवारी "हात वळव", आणि ती दोघं अर्थातच दोन वेगळ्या गोष्टी करतात.

आमची जागा इथल्या शाम शुई पोमध्ये, एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर. ह्याच वस्तीत, ताय नान स्ट्रीटवरच्या उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत, विंग चुनचे गुरू यिप मन १९५० साली शिकवायला लागले. तोपर्यंत ही विद्या मुख्यतः दक्षिण चीनमधल्या फोशान गावात आणि आसपास मोजक्या घरांपुरती होती. आज त्या रस्त्यावर कातड्याची आणि कॉफीची दुकानं आहेत. वर्गाला येताना मी मुद्दाम त्या रस्त्याने येते.

१० मार्च

आठवडाभर फक्त नावं. आधी वाटलं होतं की हे अर्ध्या तासाचं काम, रोमनमधून देवनागरीत करायचं. तसं केलं असतं तर सगळं चुकलं असतं.

रोमन लिपीतली विंग चुनची नावं इंग्रजी कानांसाठी बसवलेली आहेत. कँटोनीजमध्ये 'ब', 'द', 'ग' नाहीतच. तिथे फरक आहे तो श्वासाचा: प आणि फ, त आणि थ, क आणि ख. हा फरक इंग्रजीला लिहिता येत नाही म्हणून तिने 'प'ला बी आणि 'फ'ला पी लावला. आपल्या बाराखडीत तो फरक पहिल्यापासून आहे! म्हणजे ज्याला सगळे 'बाँग साव' म्हणतात तो पाँग साउ. 'टॅन साव' तो थान साउ. 'कुएन' म्हणजे ख्युन, मूठ. आणि सिनेमामुळे आपल्याकडे ज्यांना 'आयपी मॅन' म्हणतात ते यिप मन, शेवटचा शब्द आपल्या 'मन'सारखाच.

हा काथ्याकूट नाही, वर्गात त्याने फरक पडतो. 'थान' म्हणजे पसरणं. 'तान' म्हणजे एकेरी. 'तान छी साउ' हा एका हाताने चिकटून करायचा सराव, आणि 'थान साउ' हा पसरलेला हात. आज ठाण्याच्या ताईंनी "तान साउ?" असं विचारलं आणि सिफूंनी सरळ त्यांचा हात धरून एकेरी सराव सुरू केला. तसंच 'खिउ' म्हणजे पूल, 'किउ' म्हणजे हाक मारणं.

'च'चाही प्रश्न सुटला. लाकडी पुतळ्याला रोमनमध्ये 'जाँग' लिहितात. मूळ उच्चार आपल्या चाकातल्या, चमच्यातल्या 'च'चा आहे, चंद्रातल्या नव्हे. हा च मराठीकडे आहे आणि तो इथे कामाला आला ह्याचा मला फार आनंद झाला.

राहिले सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, ज्याने शब्दाचा अर्थ बदलतो. हाँगकाँगच्या कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत. साउ१ म्हणजे आवरणं, मिटणं. साउ२ म्हणजे हात. साउ३ हडकुळा, साउ६ दीर्घायुष्य. प्रत्येक फॉर्मच्या भागाअखेरीस मूठ आवरून छातीच्या कडेला नेतात, तो साउ१ ख्युन४. आणि बाकी सगळे 'साउ' म्हणजे हात, साउ२. अंक लावायचे असं ठरवलं. पान थोडं गणितासारखं दिसतं, पण वाचून उच्चार बरोबर येतो. सिफूंसमोर दहा नावं वाचली, नऊ त्यांना पहिल्या फटक्यात कळली.

१७ मार्च

पवित्रा. यी ची खिम येउंग मा. अर्थ लावला तर: दोनच्या अक्षराचा, बकरी चिमटीत धरणारा घोडा. चिनी दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा, तशी दोन्ही पावलं एका रेषेत. घोडा म्हणजे पवित्रा. आणि बकरी गुडघ्यांत धरायची, जशी आपल्याकडे औषध पाजताना धरतात. कृती: पावलं जुळवून उभं राहायचं, चवडे बाहेर उघडायचे, मग टाचा बाहेर. आता चवडे आत बघतात. गुडघे किंचित वाकवून आत, कंबर खाली सोडायची, माकडहाड आत.

रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवलं. ते कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. म्हणाले, "वजन कुठल्या पायावर हाय ते लिहिलंच नाहीस की गं." बरोबर. दोन्हीवर सारखं. वहीत वजनाचा वेगळा रकाना आखला. मग म्हणाले, "आणि असं उभं राहिलीस तर कुणीबी पट काढून आडवी करील."

हे सिफूंना विचारायचं आहे.

२४ मार्च

सिफूंचं उत्तर: "तुझे वडील बरोबर बोलतात. असं उभं राहून कुणी भांडत नाही. पाय जागेवर बांधून टाकले की हात खोटं बोलू शकत नाही." पहिल्या फॉर्ममध्ये पाऊल एकदाही उचलत नाही, कंबर एकदाही वळत नाही. एका हाताचं काम चालू असताना दुसरी मूठ छातीशी स्वस्थ. जे शिकायचं आहे ते सोडून बाकी सगळं बंद ठेवलेलं आहे. बाबांना हे कळवलं. ते म्हणाले, "मग जोर-बैठकांगत हाय." तितकं नेमकं नाही, पण वाटेवर आहेत.

आता पहिला भाग. क्रम असा: दोन्ही हात फुली मारून खाली, मग फुली मारून वर, ह्याने शरीराची मधली रेषा कुठे आहे ते दाखवून ठेवलं. डावी मूठ सरळ, उजवी मूठ सरळ. मग डावा थान साउ, तळवा आकाशाकडे, पोटाजवळून पुढे, अतिशय हळू. मनगटाचा अर्धा फेरा. वू साउ, म्हणजे राखणारा हात, उभा तळवा, हळू मागे. मग फुक साउ पुढे, फेरा, वू साउ मागे. असे तीन फुक साउ. त्यानंतर बाजूला एक थाप, समोर एक तळवा, मनगटाचा पूर्ण फेरा, मूठ आवरली. मग हेच सगळं उजव्या हाताने.

कागदावर पाच ओळी. करायला माझी आज बारा मिनिटं लागली आणि खांदे भरून आले.

नावांचे अर्थ इथे उपयोगी पडतात. 'थान' हा शब्द हाँगकाँगच्या रस्त्यावर रोज ऐकू येतो: फेरीवाल्याने माल पसरून मांडलेली जागा म्हणजे थान. आपली पथारी! पथारीवाला जसं फडकं पसरतो तसा हा हात पसरतो, कोपरापासून पुढे, ढकलत नाही. 'फुक'मध्ये पालथं पडणं आणि दाबून ठेवणं दोन्ही आहे. वरून ठेवलेला हात, मनगट सैल, बोटं आत वळलेली, कोपर मात्र मधल्या रेषेकडे ओढलेलं. हे कोपर आत येत नाही. सात वर्षांनी माझं अजून पुरतं येत नाही. म्हणूनच तो तीनदा आहे. तीन फुक साउंमुळे ह्या भागाला साम पाइ फत् म्हणतात, तीनदा बुद्धवंदन. हात पुढे जाऊन नमस्कारासारखा मागे येतो, तीन वेळा. लिहिताना 'वरीलप्रमाणे आणखी दोनदा' असं लिहिलं होतं, ते खोडून तिन्ही वेळा पूर्ण लिहिलं. ज्याला वाचताना कंटाळा येईल त्याला करतानाही येईल.

४ एप्रिल

छिंग मिंगची सुट्टी. सिफू पूर्वजांच्या कबरी झाडायला गेले. मी दिवसभर घरी यिप मन ह्यांची फिल्म बघत बसले.

१९७२ मध्ये, शेवटच्या आजारपणात, त्यांनी ८ मिमीच्या फिल्मवर सिउ निम थाउ, छम खिउ आणि लाकडी पुतळ्यावरचं काम करून दाखवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. वय ७९. फिल्ममध्ये बारीक अंगाचा म्हातारा माणूस, घशाच्या कर्करोगाने खंगलेला, आणि तरी कोपर दर वेळी मधल्या रेषेवर. तिसरा फॉर्म त्या फिल्ममध्ये नाही.

कामापुरती नोंद: ह्या फिल्मवरून वेळ मोजायचा नाही. ८ मिमीचे घरगुती कॅमेरे सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी घेत, आणि आज संगणकावर फिरणाऱ्या प्रती वेगवेगळ्या वेगाने उतरवलेल्या आहेत. माझ्याकडच्या दोन प्रतींमध्ये एकाच भागाचा वेळ वेगळा भरतो. क्रम, कोन, कोपराची जागा ह्यासाठी फिल्म, गतीसाठी सिफू.

थांबवून थांबवून बघताना जाणवलं की स्थिर चौकटीत थान साउ आणि चुकीचा थान साउ जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणजे चित्रांची वही केली असती तर ती उपयोगाची झाली नसती. क्रियापदं हवीत. 'तळवा वर असतो' हे लिहिणं सोपं, पण 'कोपर पुढे सरकतं आणि त्याच्या मागोमाग तळवा वर उघडत जातो' हे लिहिल्याशिवाय उपयोग नाही.

२१ एप्रिल

मोजणी. सिउ निम थाउमध्ये १०८ हालचाली आहेत असं सगळे सांगतात. जपमाळेच्या मण्यांचा हाच आकडा, त्यामुळे मला तो पहिल्यापासून आपला वाटत आला आहे. पण मोजायला बसले तर उत्तर मोजण्यावर ठरतं. मनगटाचा फेरा वेगळा धरायचा का? मूठ मिटणं आणि मागे नेणं एक की दोन? दोन्ही हात एकदम चालतात तेव्हा? सिफूंना विचारलं तर त्यांनी माझीच वही माझ्याकडे सरकवली. वहीत आकडा लिहिला आहे, पण हालचालींना क्रमांक दिले नाहीत. ओळींना दिले.

१२ मे

दुसरा आणि तिसरा भाग लिहून झाला, आणि आज तपासणी झाली.

तपासणीची पद्धत: ठाण्याच्या दोघांनी फक्त वही वाचून करायचं. मी बोलायचं नाही, हात दाखवायचा नाही. ते चुकले तर वही चुकली.

दुसरा भाग चांगला गेला. तिथे दोन्ही हात एकत्र काम करतात: कंबरेच्या बाजूंना, मागे, पुढे असे दाब (कम साउ); मग छातीसमोर आडवे हात, तिथून दोन्ही बाजूंना झटका; मग खाली बसवणं, उघडणं, हिसका, बोटांचा मारा, लांब हातांनी खाली दाब आणि वर उचल. एकामागून एक पायऱ्या आहेत, वाचून करता येतात.

तिसऱ्या भागात पाँग साउला सगळं कोसळलं. मी लिहिलं होतं: 'हात उचलून पंखासारखा करा, मनगट मधल्या रेषेवर.' पाँग म्हणजे दंड, आणि पक्ष्याच्या बाबतीत पंख, म्हणून मला ते सुंदर वाटलं होतं. दोघांनी खांदे कानांपर्यंत नेले. कुणी हलकं बोट लावलं तरी हात खाली पडत होता. सिफू आले, ताईंच्या खांद्यावर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताने कोपराला खालून पुढे वाट दिली. बस्स. हात उभा राहिला.

म्हणजे माझ्या सगळ्या पानांवर हाताचं वर्णन होतं आणि काम कोपर करत होतं. सगळी वही परत लिहायची. प्रत्येक ओळीचा कर्ता आता 'कोपर'. पाँग साउची नवी ओळ: 'खांदा खाली राहू द्या. कोपर पुढे आणि वर जातं, त्यामुळे पुढचा हात आपोआप तिरका खाली लोंबतो. इथे थांबू नका. कोपर खाली सोडा, थान साउ होईल.' ही शेवटची सूचना महत्त्वाची. फॉर्ममध्ये पाँग साउनंतर लगेच थान साउ येतो. पाँग साउ ही राहायची जागा नाही, जायची वाट आहे. हे फॉर्मने क्रमातूनच सांगितलं आहे आणि मी सात वर्षं त्याला नुसता क्रम समजत होते.

जून

लिखाण नाही. ऑफिसात वार्षिक हिशेब. रोज सकाळी फक्त पहिला भाग.

७ जुलै

सिउ निम थाउ दुसऱ्यांदा लिहून पूर्ण. सिफूंनी दुसरं पान उघडायला परवानगी दिली.

छम खिउ. पूल शोधणं. किंवा पूल बुडवणं: 'शोधणं' आणि 'बुडणं' ह्या दोन्ही शब्दांचा उच्चार कँटोनीजमध्ये छम४, सूरसुद्धा तोच. काही घराणी एक अक्षर लिहितात, काही दुसरं. देवनागरीत मला निवड करावीच लागत नाही, छम४ लिहिलं की दोन्ही अर्थ आत आहेत. पूल म्हणजे दोन माणसांचे हात जिथे टेकतात ती जागा. पूल नसेल तर शोध, असेल तर त्याचा भार खाली बसव. फॉर्ममध्ये दोन्ही आहे.

आता शरीर सुटतं. पहिल्यांदा वळणं येतं, पाऊल येतं, लाथा येतात. आणि वाद इथेच सुरू होतात. वळताना टाचेवर वळायचं की तळपायाच्या मध्यावर? वजन मागच्या पायावर सगळं, की दोन्हीवर वाटून? यिप मन ह्यांच्याच शिष्यांच्या शाखांमध्ये ह्याची वेगवेगळी उत्तरं आहेत. मला ह्याचं आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या शिष्यांत वाँग शुन ल्योंग होते, ज्यांना गच्च्यांवरच्या लढतींमुळे 'काँग साउचा राजा' म्हणत (काँग साउ म्हणजे बोलते हात, लढतीला दिलेलं सभ्य नाव), आणि छोई स्योंग थिन होते, ज्यांना 'सिउ निम थाउचा राजा' म्हणत. गुरू एक. एकाचं नाव लढतीवरून पडलं, दुसऱ्याचं जागेवर उभं राहून करायच्या फॉर्मवरून. वाँग ह्यांच्याकडे ब्रूस लीसुद्धा शिकला.

निर्णय: वहीत फक्त आमच्या सिफूंचं वळण. समासात एक ओळ, की इतर शाखांत वेगळं करतात आणि तेही त्याच घरातून आलेलं आहे. तुलनेचा तक्ता करायचा मोह होता. वाचणाऱ्याच्या पायाला त्याचा उपयोग नाही.

११ ऑगस्ट

छम खिउचे तिन्ही भाग कच्चे लिहून झाले. पहिल्या भागात वळत्या कंबरेने तोच पाँग साउ, आडवा हात (लान साउ), येणारा हात झेलणं. दुसऱ्यात लाथ, आणि तिरक्या पावलाने सरकत तीन पाँग साउ. तिसऱ्यात पुन्हा लाथ, मग दोन्ही हातांनी खालचा पाँग साउ, पाऊल टाकत तीनदा. नंतर वळून लाथ, कंबरेच्या वळणासोबत खाली दाब, ठोसे.

बाबांचा वजनाचा रकाना इथे खरा कामाला आला. पहिल्या फॉर्ममध्ये सगळीकडे 'सारखं' लिहिलेलं होतं, तो निरुपयोगी वाटत होता. छम खिउमध्ये प्रत्येक ओळीत तो बदलतो, आणि बहुतेक चुका तिथेच आहेत: हात आधी वळतो, वजन नंतर. सिफू म्हणतात दोन्ही एकाच क्षणी पोचले पाहिजेत. बाबा फोनवर म्हणाले, "ढाक मारताना बी तसंच." ढाक कशी मारतात ते त्यांनी मग वीस मिनिटं सांगितलं. ते ह्या वहीत नाही, दुसऱ्या कागदावर लिहून ठेवलं आहे.

५ सप्टेंबर

वादळाचा आठ नंबरचा बावटा लागला. सगळं बंद, गुरुवारचा वर्गही. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसले आणि छम खिउ पक्कं लिहून काढलं. परवा गणपती, मूर्ती आधीच आणून ठेवली हे बरं झालं. ठाण्याची दोघं आरतीला येणार आहेत.

२२ सप्टेंबर

तिसऱ्या फॉर्मचं विचारलं.

पिउ ची म्हणजे बोटांचा भाला. त्याबद्दल जुनं वचन आहे की पिउ ची उंबऱ्याबाहेर जात नाही. मला वाटायचं की हे गुपित राखण्यासाठी. सिफूंनी आज जे सांगितलं ते वेगळं आहे, त्यांच्या शब्दांच्या जवळ राहून लिहिते. पहिले दोन फॉर्म सांगतात की कोपर खाली ठेव, मधली रेषा सोडू नकोस. तिसरा फॉर्म ती रेषा हातून गेल्यावरचा आहे. हात अडकला, तोल गेला, बाजू उघडी पडली, अशा वेळी कोपर वरून आडवं येतं, त्याच्याखालून बोटं निघतात, कंबर मोकळी फिरते. म्हणून त्यातल्या हातांना तातडीचे हात म्हणतात. ज्याचं कोपर अजून आत बसलेलं नाही त्याला हे शिकवलं तर त्याचं कोपर कायमचं बाहेर राहील. जे अजून कमावलंच नाही ते हरवल्यावर काय करायचं, हे त्याला सांगून काय उपयोग?

"मग लिहू नको?" मी विचारलं.

"तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं लिही," म्हणाले.

घरी येऊन तपासलं. माझ्या हातात काय आहे? सुरुवातीचं मनगटाचं काम: मूठ मारून बोटं उघडायची, वर-खाली, मग डावी-उजवी, सगळी ताकद मनगटापुढे. पहिला कोपराचा फेरा, तोही डावीकडे बरा, उजवीकडे नाही. शेवटी कमरेतून वाकून हात घेऊन उठायचं, ते करता येतं पण का करायचं ते अंगाला कळलेलं नाही. मनगटाचं काम आणि डावा फेरा लिहिला. पुढची नऊ पानं कोरी आहेत, वहीतच ठेवली.

१९ ऑक्टोबर, फोशान

जुलैपासून हाँगकाँगच्या बिगर-चिनी कायम रहिवाशांना मुख्य चीनमध्ये जायचं पाच वर्षांचं प्रवेशकार्ड मिळायला लागलं. माझं गेल्या महिन्यात आलं. वेस्ट कौलूनहून वेगवान गाडीने ग्वांगझो साउथ, मेट्रोची दोन नंबरची लाइन, नानझोला बदलून ग्वांगफो लाइन, उतरायचं झूमियाओला. स्टेशनला नाव देवळाचं.

देवळाच्या आवारात यिप मन ह्यांचं दालन आहे आणि वाँग फेइ-हुंग ह्यांचंही, ते हुंग ख्युन ह्या दुसऱ्या युद्धकलेचे. तिथले फोटो बघितले, पण मी जास्त वेळ बसले ती वानफू ताय ह्या रंगमंचासमोर. १६५८ साली बांधलेला, देवळाकडे तोंड करून, मधे सोनेरी नक्षीची लाकडी भिंत, पुढे नट आणि मागे रंगपट. कँटोनीज ऑपेराच्या मंडळ्या लाल रंगाच्या बोटींतून गावोगाव जात. विंग चुन त्या बोटींवर वाढलं असं परंपरा सांगते, आणि अरुंद पवित्रा बोटीच्या अरुंद फळ्यांमुळे असं सांगणारे आहेत. ही कथा आहे, जशी न्ग मुइ भिक्षुणीने यिम विंग चुन ह्या मुलीला ही विद्या दिल्याची कथा आहे. इतिहासात एवढं पक्कं की १८५४ मध्ये ली वेनमाओ हा नट आपल्या माणसांसह बंडात उतरला आणि तेव्हाच्या छिंग राजवटीच्या सरकारने त्यानंतर ऑपेरावर बंदी आणली. मंडळ्यांतली माणसं पांगली. फोशानचे वैद्य ल्योंग चान, त्यांचे शिष्य नाणी बदलून देणारे छान वा शुन, आणि त्यांच्याकडे लहानपणी शिकलेले यिप मन: ही साखळी ह्याच गावातली.

लिहिलेलं फारसं काही मागे न ठेवता ही विद्या इतकी माणसं ओलांडून आली. माझ्या पिशवीत माझी वही होती. रंगमंचासमोरच्या दगडी अंगणात कुणी नव्हतं तेव्हा उभी राहिले आणि पहिला भाग केला, तीनही फुक साउ हळू. वही काढली नाही.

१७ नोव्हेंबर

दोन्ही फॉर्मच्या पक्क्या प्रती बांधून झाल्या. ठाण्याच्या दोघांनी सिउ निम थाउ वहीवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं. खांदे खाली.

मग सिफूंनी मला वही घेऊन समोर बसायला सांगितलं. त्यांना देवनागरी येत नाही. म्हणाले, "तू वाच, मी करतो." मी फक्त कँटोनीज नावं वाचायची, सुरांसकट, आणि माझा शब्द आल्याशिवाय त्यांनी हात हलवायचा नाही. थान१ साउ२. वू६ साउ२. फुक६ साउ२. ते प्रत्येक शब्दाला थांबत होते. एकदा सूर चुकला तेव्हा तो बरोबर म्हणून दाखवला आणि मी परत म्हटल्यावरच पुढे गेले. पहिला भाग, दुसरा भाग. गच्चीवर बाकी कुणी बोलत नव्हतं.

तिसऱ्या भागात, खालच्या आडव्या तळव्याच्या आधी, त्यांचा डावा हात थान साउमध्येच राहिला. मी तळव्याचं नाव वाचलं. हात हलला नाही. पुन्हा वाचलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मनगट सैल सोडून.

तिथे एक ह्युन१ साउ२ राहिला होता, मनगटाचा फेरा. तो न घेता तळवा तिकडे वळूच शकत नाही. पक्क्या प्रतीत ओळ ६१ आणि ६२ च्या मधे पेन्सिलीने लिहिला आणि वाचला. मनगट फिरलं, तळवा खाली गेला. उजव्या बाजूलाही तोच राहिला आहे, ओळ ६७ नंतर. दोघांच्या प्रतींमध्ये बुधवारी दुरुस्त करायचा.